लहान बंदरांची खोली कोण मोजणार?

प्रति,
बंदरांचे धोरण ठरवणारे, बंदरांना कर्ज देणारे आणि बंदरांसाठी नियम लिहिणारे सर्व अधिकारी यांस,

महोदय, महोदया,

सव्वीस वर्षे मी लहान बंदरांतल्या पाण्याची खोली मोजत होतो. सुरुवातीला दोरीला बांधलेले शिसे पाण्यात सोडून आणि पुढे ध्वनिलहरींच्या यंत्राने. साधने बदलली, काम मात्र तेच राहिले. जहाजाच्या बुडाखाली किती पाणी उरेल, हे कप्तानाला खात्रीने सांगता आले पाहिजे, एवढेच ते काम. निवृत्त झाल्यावर अशा विषयांवर पत्रे लिहीत बसण्याचा माझा विचार नव्हता. पण बंदरांवर देखरेख ठेवणाऱ्या एका कार्यालयाचे परिपत्रक हाती आले आणि गप्प बसणे जमेना. वर्षाकाठी ठरावीक टनांपेक्षा कमी माल हाताळणाऱ्या बंदरांत खोलीचे सर्वेक्षण यापुढे दरवर्षी न होता पाच वर्षांतून एकदा होईल, भरतीमापक यंत्रांची देखभाल ‘गरजेनुसार’ केली जाईल आणि गाळ उपसण्याचा निधी ‘व्यवहार्यता सिद्ध झाल्यास’ मिळेल, अशी तीन कलमे त्यात आहेत. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या एकट्या कार्यालयाचा नाही. याच आशयाचे कागद मी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या शिक्क्यांखाली वाचलेले आहेत. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे, आणि ते उघड आहे, कारण बंद पाकिटातल्या माझ्या आधीच्या तीन पत्रांची पोचसुद्धा मला मिळालेली नाही.

जगातल्या मालव्यापाराचा, वजनाच्या हिशेबाने, ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग समुद्रमार्गे जातो, हे तुमच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असते. दुसऱ्या पानावर चारशे मीटर लांबीच्या, वीस फुटी मापाने चोवीस हजार कंटेनर वाहणाऱ्या जहाजाचे छायाचित्र असते. पूर्ण भरल्यावर अशा जहाजाला सोळा मीटरच्या आसपास खोल पाणी लागते, आणि तेवढे पाणी असलेली बंदरे जगात मोजकीच आहेत. त्या मोजक्या बंदरांत उतरलेला माल पुढे लहान जहाजांनी लहान बंदरांत जातो, आणि बेटांवर किंवा रस्ता अपुरा असलेल्या किनाऱ्यांवर तर धान्य, इंधन, औषधे, सिमेंट हे सगळे त्याच वाटेने येते. या दुसऱ्या प्रवासाचे छायाचित्र मी अजून कोणत्याही अहवालात पाहिलेले नाही.

माझी पहिली तक्रार सर्वेक्षणाबद्दल आहे, आणि ती थोडी सविस्तर मांडण्याची परवानगी द्यावी, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी तिच्यातूनच निघतात. बंदर म्हणजे मुळात शांत केलेले पाणी. पाणी शांत झाले की त्यातला गाळ खाली बसतो, आणि नदीच्या मुखाशी तर गोडे पाणी खाऱ्याला मिळताच चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि अधिकच वेगाने तळ गाठतात. एका मोठ्या पुरानंतर किंवा एका वादळानंतर काही दिवसांत तळाचा आकार बदलू शकतो. अशा ठिकाणी पाच वर्षांपूर्वीचा खोलीचा आकडा हा आकडा राहत नाही, तो अंदाज होतो. फरक इतकाच, की तो नकाशावर छापलेला असतो आणि म्हणून कप्तान त्यावर विश्वास ठेवतो.

याच आशयाचे आधीचे एक परिपत्रक लागू असलेल्या अशाच एका धक्क्यावर मला जुन्या ओळखीने बोलावले गेले. नकाशावर धक्क्यालगतची खोली ५.२ मीटर होती, आणि ती मोजून चार वर्षे झाली होती. त्या दिवशी ओहोटी नकाशाच्या शून्य पातळीपर्यंत, म्हणजे नकाशावरची खोली जिथून मोजतात त्या पातळीपर्यंत, उतरली होती. जहाज आधी नुसतेच स्थिर झाले, मग किंचित एका अंगावर कलले. पुढचा दोर तारेसारखा ताठ झाला आणि त्याचे पीळ उलगडू लागले. जहाजाचे बूड गाळावर टेकले होते. मी जुने शिसे मागवले. त्याच्या बुडाशी एक खळगा असतो, त्यात चरबी भरून शिसे खाली सोडले की तळाचा नमुना तिला चिकटून वर येतो. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ वर आला आणि दोरीने दाखवली ४.७ मीटर. पुढच्या भरतीला जहाज आपसूक उचलले गेले, कुणाला इजा झाली नाही, आणि म्हणून त्या घटनेची कुठे नोंदही झाली नाही. तुमच्या कागदांवर ते बंदर आजही सुरक्षित आहे.

आता या अर्ध्या मीटरचा हिशेब पाहा. नव्वद मीटर लांब आणि चौदा मीटर रुंद असे साधे मालवाहू जहाज समुद्राच्या पाण्यात एक सेंटिमीटर खाली बसवायला साधारण अकरा टन माल लागतो. म्हणजे पन्नास सेंटिमीटर खोली गेली की प्रत्येक फेरीला सुमारे साडेपाचशे टन माल मागे ठेवावा लागतो. तोच माल आणायला जास्त फेऱ्या होतात, दर टनामागे जास्त इंधन जळते, भाडे वाढते, आणि मग व्यापारी माल दुसरीकडून रस्त्याने मागवू लागतो. वर्षअखेरीस बंदराचा टनांचा आकडा घसरलेला दिसतो आणि त्या आकड्याच्या आधारे तुम्ही म्हणता, हे बंदर व्यवहार्य नाही, त्यामुळे गाळ काढण्याचा निधी देता येत नाही. गाळामुळे टन घटले, आणि टन घटले म्हणून गाळ राहिला. या वर्तुळाला आर्थिक शिस्त असे नाव देऊ नये, ही माझी नम्र विनंती आहे.

गाळ उपसणे महाग आहे, हे मला मान्य आहे. उपसा करणारे जहाज दुरून आणायचा खर्च गाळ थोडा असो वा खूप, जवळपास तेवढाच येतो. उपसलेला गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. समुद्रात टाकण्यावर १९७२ च्या लंडन करारापासून बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत, कारण जहाजांच्या बुडाला लावल्या जाणाऱ्या जुन्या विषारी रंगातले ट्रायब्युटिल टिन अनेक बंदरांच्या गाळात अजून सापडते. त्या रंगांवरची जागतिक बंदी सप्टेंबर २००८ मध्ये अमलात आली, पण गाळाची स्मरणशक्ती कायद्यापेक्षा लांब असते. गाळाची तपासणी व्हायलाच हवी. मात्र तिचा खर्च मोठ्या बंदराला किरकोळ वाटतो आणि लहान बंदराचे वर्षाचे अंदाजपत्रक खाऊन टाकतो, ही गोष्ट नियम लिहिताना कुणाच्या लक्षात आली नाही, की लक्षात येऊनही सोडून दिली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दुसरी तक्रार भरतीमापक यंत्राची. परिपत्रकातले हे सर्वांत लहान कलम आहे आणि माझ्या मते सर्वांत घातक. समुद्राची सरासरी पातळी एखाद्या वर्षाच्या नोंदीवरून ठरत नाही. चंद्राच्या कक्षेचे एक चक्र सुमारे १८.६ वर्षांचे असते आणि त्यानुसार भरती-ओहोटीचा पल्ला हळूहळू कमी-जास्त होतो; म्हणून विश्वासार्ह शून्य पातळी ठरवायला सलग एकोणीस वर्षांची नोंद घेण्याचा प्रघात आहे. मला माहीत असलेल्या एका बंदरात अशी सतरा वर्षांची अखंड नोंद होती. यंत्राची बॅटरी संपली, नव्या बॅटरीचा मागणीअर्ज ‘गरज सिद्ध करावी’ अशा शेऱ्यासह परत आला, आणि नोंद थांबली. दोन वर्षे उरली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ दरम्यान हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत पोचला. पूर्वी शतकातून एकदा येणारी पाण्याची टोकाची पातळी या शतकाच्या अखेरीपर्यंत निम्म्याहून अधिक भरतीमापक केंद्रांवर वर्षातून किमान एकदा दिसू लागेल, असेही तोच अहवाल सांगतो. पण वाक्य नीट वाचा : भरतीमापक केंद्रांवर. जिथे केंद्रच नाही तिथे शतकातली पातळी कोणती आणि वर्षातली कोणती, हे सांगणार कोण? हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी निधी मागायला गेलेल्या लहान बंदराकडे तुम्ही स्थानिक आकडेवारी मागता, आणि ती आकडेवारी देणारे यंत्र तुम्हीच बंद पडू देता. (एका बैठकीत मला एका अधिकाऱ्यांनी हसत विचारले होते, की पातळी वाढली तर तुम्हाला खोली फुकटातच मिळेल ना. मी म्हणालो, साहेब, पाणी वर येते. धक्का वर येत नाही.)

धक्का वर येत नाही, हाच तिसऱ्या तक्रारीचा विषय आहे. लहान बंदरांचे धक्के बहुधा खांबांवर उभे असतात आणि त्यांच्या वरचा स्लॅब खाली पडणारा भार, म्हणजे माल, ट्रक, क्रेन, सोसण्यासाठी बांधलेला असतो. पाणी उंच आले की वादळातली लाट स्लॅबला खालून धडकते, आणि खालून वर येणाऱ्या त्या दणक्यासाठी अनेक जुन्या बांधकामांत पुरेशी सळईच नसते. त्यात भर खाऱ्या पाण्याची. खांबाचा जो भाग लाटांच्या शिंतोड्यांत भिजतो आणि वाळतो, तिथे मीठ काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचा थर सोलून काढतो. ओहोटीच्या वेळी होडीतून धक्क्याखाली जाऊन पाहण्याची सवय मला होती. तिथे तपकिरी ओघळ दिसतात, मग उभी भेग, मग अंगठ्याएवढी असायला हवी ती सळई करंगळीएवढी उरलेली. वरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पाहणीला येणारे पाहुणे वरूनच पाहतात.

भेग पडल्यावर लगेच दुरुस्ती केली तर ते काम काही आठवड्यांचे असते. दहा वर्षांनी केली तर धक्का पाडावा लागतो. तरीही नव्या धक्क्यासाठी कर्ज मिळते, जुन्याच्या दुरुस्तीसाठी मिळत नाही, कारण नव्याचे उद्घाटन होते आणि दुरुस्तीचे होत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांनी हे वाक्य टोमणा म्हणून घेऊ नये. तुमच्या करारांत बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे पैसे लिहिलेले असतात. वीस वर्षांच्या देखभालीचे पैसे कुठून येतील, या प्रश्नापाशी मात्र ‘बंदराच्या उत्पन्नातून’ असे दोन शब्द असतात. ते उत्पन्न कसे आटते, हे वर सांगितलेच आहे.

नियमांबद्दल थोडक्यात. २००४ च्या जुलैपासून बंदर सुरक्षेची संहिता आली, २०१७ च्या सप्टेंबरपासून जहाजांतल्या तोलपाण्याचा, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून टाक्यांत भरलेल्या पाण्याचा, करार लागू झाला, आणि १ जानेवारी २०२४ पासून जहाजांची सगळी कागदपत्रे एकाच संगणकीय खिडकीतून घेणे बंधनकारक झाले. यातला एकही नियम रद्द करा असे मी म्हणत नाही. पण बंदर अधिकारी, एक कारकून, दोन पहारेकरी आणि एक टग (जहाजे ओढणारी बोट) चालवणारा एवढ्या माणसांच्या बंदरात हे सगळे नियम त्याच पाच जणांच्या डोक्यावर येतात. मोठ्या बंदरात ज्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, ते काम इथे कारकून जेवणाच्या सुट्टीत करतो, आणि संगणकाच्या सुरक्षेचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर असतो. मी तो कागद पाहिलेला आहे, आणि तो चिकटवणाऱ्याला दोष देण्याची माझी तयारी नाही.

हरित बदलाच्या योजनांतही तेच घडते. जहाजांच्या इंधनवापराची नोंद ठेवण्याची जागतिक व्यवस्था २०१९ पासून पाच हजार आणि त्याहून अधिक सकल टनभाराच्या (हे जहाजाच्या आतल्या एकूण जागेचे माप, वजनाचे नव्हे) जहाजांना लागू आहे. लहान बंदरांत येणारी बरीच जहाजे त्याखालची, आणि पुष्कळदा जुनी असतात. त्यांचा धूर धक्क्यालगतच्या वस्तीत राहतो, पण मोजणीत येत नाही. आणि जे मोजले जात नाही त्यासाठी निधीही नसतो. धक्क्यावरून जहाजाला वीज देण्याची सक्ती युरोपात २०३० पासून मुख्य बंदरांतल्या प्रवासी आणि कंटेनर जहाजांना होणार आहे. ते पाऊल चांगले आहे. मात्र ती सक्ती पाळू न शकणारी जुनी जहाजे कुठे वळतील, याचा विचार झालेला दिसत नाही. जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर आकार घेऊन त्यातून गरजू देशांना मदत करणारी जागतिक चौकट एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मंजूर झाली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा अंतिम निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. मोठी बंदरे वर्षभर थांबू शकतात.

शेवटची तक्रार तुमच्या मोजपट्टीबद्दल आहे. तुम्ही बंदर टनांनी मोजता. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात हैतीतल्या पोर्ट-ओ-प्रिन्सचा धक्का कोसळला, क्रेन पाण्यात गेली, आणि मदत घेऊन आलेल्या जहाजांना माल उतरवायला जागा उरली नाही. ते बंदर जगाच्या यादीत कितव्या क्रमांकावर होते, याला त्या आठवड्यात काही अर्थ नव्हता. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा स्फोट झाला, तेव्हा लेबनॉनला येणारी जहाजे उत्तरेकडच्या त्रिपोलीच्या लहान बंदराकडे वळवता आली, कारण तिथे खोली होती आणि धक्का उभा होता. ते बंदर आधीच्या वर्षांत टनांच्या हिशेबावर बंद केले असते, तर तो पर्यायच राहिला नसता.

प्रत्येक लहान बंदर जगलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. काही बंदरांची नदीच दिशा बदलून गेली आहे. काही ठिकाणी खोली राखायची तर दरवर्षी तळावरची सगळी जीवसृष्टी उपसून टाकावी लागेल, आणि तेवढा मोबदला समुद्राकडून मागू नये. अशी बंदरे बंद करायची असतील तर उघडपणे, लोकांना सांगून, पर्यायी व्यवस्था करून बंद करावीत. सर्वेक्षण थांबवून बंदर मरू देणे हा निर्णय नव्हे, निर्णय टाळणे आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षणाचे कलम मागे घ्यावे. वर्षातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर किंवा पुरानंतर खोली मोजावी, आणि मोजल्याची तारीख आकड्याशेजारी मोठ्या अक्षरांत छापावी. भरतीमापक यंत्रांचा खर्च बंदराच्या उत्पन्नाशी न जोडता सार्वजनिक नोंदींच्या खर्चात धरावा, कारण ती नोंद बंदरापुरती नसते, संपूर्ण किनाऱ्याची असते. गाळ उपसणारे एक जहाज आणि गाळ तपासणारी एक प्रयोगशाळा जवळपासच्या पाच-सहा बंदरांनी मिळून ठेवावी, यासाठी तुम्ही पुढाकार घ्यावा; स्वच्छ ठरलेला गाळ दूर नेऊन टाकण्याऐवजी झिजणाऱ्या किनाऱ्याच्या किंवा खारफुटीच्या भरणीसाठी वापरता येतो का, हे आधी पाहावे. नव्या बांधकामाच्या प्रत्येक कर्जात पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी ठेवावी आणि ती दुसरीकडे वळवता येऊ नये. कोणताही नवा नियम लहान बंदराला लागू करताना तो सांभाळणारा माणूस, किंवा त्याच्या पगाराचे पैसे, नियमासोबत पाठवावेत. आणि बंदर चालू ठेवायचे की नाही हे ठरवताना एकच प्रश्न आधी विचारावा : हे बंदर दहा दिवस बंद राहिले तर कोणाचे काय अडेल? त्याचे उत्तर त्या किनाऱ्यावरच्या लोकांकडून, लेखी घ्यावे.

यांतल्या ज्या मागण्या मान्य नसतील, त्यांची कारणे कळवावीत. कारणे पटली तर मी तसेही उघडपणे लिहीन.

एक व्यावहारिक बाब राहिली. ज्या बंदरातले यंत्र बंद पडले, तिथल्या पहारेकऱ्याने धक्क्याच्या खांबावरची जुनी, रंग उडालेली मोजपट्टी पुन्हा रंगवून घेतली आहे आणि तो रोज डोळ्यांनी पाहून भरती आणि ओहोटी एका वहीत लिहितो. रात्रपाळी असेल तर रात्रीचीही नोंद होते. नसेल तेव्हा रकाना कोरा राहतो. दोन लाटांमधली सरासरी कशी घ्यायची, ते मी त्याला दाखवले आहे. सोळा महिन्यांच्या नोंदी झाल्या असून दुसरी वही सुरू आहे. पहिली वही कोणत्या कार्यालयात आणि कोणाच्या सहीने जमा करायची, एवढे मात्र लवकर कळवावे.

आपला,
बंदरांची खोली मोजणारा एक निवृत्त सर्वेक्षक